विटेखालची फांदी

१

सकाळी साडेसहाला व्हर्लीन कॉफीचा मग घेऊन मागच्या व्हरांड्यात यायची, जाळीचं दार पायाने ढकलायची आणि परसातल्या मॅग्नोलियांच्या रांगेकडे बघत उभी राहायची. हे बघणंही काही मनापासून नव्हतं. तिचा नवरा हॉलिस गेल्याला चार महिने झाले होते आणि तेव्हापासून ती सगळंच असं वरवर करत होती. दाढ काढल्यावर गाल जसा आपला असून आपला नसतो, तसं तिचं अख्खं अंग झालं होतं. जेवली काय, न जेवली काय, सारखंच. दफनाच्या दिवशी डोळ्यांतून टिपूस आला नाही, तेव्हा चर्चमधल्या बायकांनी एकमेकींना कोपराने ढोसलं होतं. ढोसू देत. रडू येत नव्हतं तर काय कांदे चिरायचे?

ते परस म्हणजे जुनी डोकेदुखी होती. मिसिसिपी राज्याच्या दक्षिण भागात, आमच्या त्या सखल मुलखात, पाऊस पडला की पाण्याला जायला वाट नसते. व्हर्लीनच्या परसात तर ते चार-चार दिवस तुंबायचं. लग्नानंतर तिने तिथे पीच लावलं, ते कुजलं. अंजीर लावलं, तेही कुजलं. गुलाबांचं तर नावच काढू नका. मग एका वर्षी हॉलिसने ओढ्याकाठच्या दलदलीतून मॅग्नोलियाचं हातभर रोप उपटून आणलं. हा आपल्या सोनचाफ्याच्याच गोतातला. फूल मात्र लहान, दुधाळ, लिंबाच्या वासाचं. आणि मुळं पाण्यात बुडाली तरी याची तक्रार नाही. बारा महिने हिरवा. पानाची वरची बाजू हिरवी, खालची चांदीसारखी, त्यामुळे वारा सुटला की सगळं झाड एकदम पांढुरकं होतं आणि वारा पडला की परत हिरवं.

त्या एकाचे हॉलिसने अकरा केले, तेही दाब कलमाने. खालची फांदी वाकवायची, दोन बोटं रुंद साल तासायची, तेवढ्यावर कापडाची पट्टी बांधायची, ओल्या मातीत दाबायची आणि वर वीट ठेवायची. मग वर्षभर तिकडे फिरकायचं नाही. मुळं धरली की पुढच्या फेब्रुवारीत आईपासून कापून वेगळं करायचं. रस्तेखात्यात नोकरी करून हा माणूस उरलेला सगळा वेळ या रांगेत उकिडवा बसलेला असायचा, आणि गेला तोही तिथेच, कलमाचा चाकू हातात धरून.

रविवारी दुपारी अटलांटाहून लेकीचा फोन आला.

"मम्मी, मी शनिवारी येतेय तुला न्यायला. या वेळी 'बघू' म्हणायचं नाही," जोनेल म्हणाली.

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे येते तुझ्याबरोबर."

 जोनेलने बहुधा भांडणाची तयारी करून फोन केला होता. व्हर्लीनने फोन ठेवला आणि बशा विसळायला घेतल्या.

सोमवारी सकाळी ती कॉफी घेऊन व्हरांड्यात आली, तेव्हा रांगेतल्या, घराच्या सगळ्यात जवळच्या झाडाची एक फांदी जमिनीकडे वाकलेली होती. तिच्यावर वीट होती.

२

ओझेला पिकन्स ही शेजारीण. वयाने दोन वर्षांनी मोठी, जिभेने दहा. ती कुंपणापलीकडे बटर बीन्स खुडत होती.

"ओझेला, काल माझ्या परसात आली होतीस का गं?"

"मी? अगं, माझे गुडघे मला संडासातून उठू देत नाहीत, आणि मी तुझ्या चिखलात येऊन उकिडवी बसणार?"

"कुणीतरी फांदी दाबलीय. वर वीट ठेवलीय."

"हॉलिसनेच ठेवली असेल जाण्याआधी. तुझं लक्ष नसेल. हल्ली तुझं लक्ष असतं तरी कुठे!"

हे खरंच होतं. व्हर्लीनने मान हलवली. "असेल बाई. मला वाटलं, तू केलंस. म्हटलं, थँक्..."

"गप!" ओझेलाच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या. "वेडी का काय तू? झाडाच्या बाबतीत तो शब्द काढतात का?"

आमच्याकडे कुणी रोप दिलं, कलम दिलं, मूठभर बी जरी दिलं, तरी थँक्यू म्हणत नाहीत. म्हटलं की ते झाड मरतं. का, ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. रोप हातात घ्यायचं, उकाड्याबद्दल दोन शब्द बोलायचे आणि घरी निघून जायचं. हॉलिसने चव्वेचाळीस वर्षं लग्नाच्या वाढदिवसाला व्हर्लीनला झाडंच दिली. कधी बांगडी नाही, कधी सेंटची बाटली नाही. आणि ती दर वर्षी रोप हातात घेऊन एवढंच म्हणायची, "कुठे लावायचं हे?" तोही तोंडाने काही सांगायचा नाही. कुदळ घ्यायचा आणि जाऊन लावून यायचा.

ओझेलाने शेंगा वेचल्या आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "शनिवारी निघालीस म्हणे?"

"निघाले."

"आपल्या वयाची माणसं उपटून नेली की धरत नाहीत, व्हर्लीन. रूबीला तिच्या मुलाने ह्यूस्टनला नेलं, सहा महिन्यांत पेटीत घालून परत आणलं. क्लीटसने तर चार महिनेही काढले नाहीत. चांगला धडधाकट होता. तिकडे जाऊन खुर्चीत बसला आणि वाळला."

"इथे राहून तरी मी कुठे धरलेय?"

 ओझेलाने कुंपणावरून मूठभर शेंगा व्हर्लीनच्या हातात दिल्या आणि उकाड्याबद्दल बोलायला लागली.

३

मंगळवारी दोन विटा होत्या.

पहिलीखालून बाहेर आलेलं फांदीचं टोक रात्रीत वाढून परत वाकलं होतं, परत जमिनीत शिरलं होतं, आणि तिथे दुसरी वीट. दोन विटांमध्ये चार पावलांचं अंतर. टोक घराकडे.

फांदी रात्रीत चार पावलं वाढत नाही, हे व्हर्लीनला कुणी शिकवायची गरज नव्हती. ती कॉफी संपेपर्यंत बघत राहिली. मग चपला काढून चिखलात उतरली, वाकली आणि वीट जराशी कलती केली. साल तासलेल्या जागेवर कापडाची पट्टी होती. निळ्या चौकड्यांची. हॉलिसचे चौकड्यांचे तिन्ही शर्ट तिने मार्चमध्येच चर्चमधल्या दानाच्या कपड्यांच्या पेटीत टाकले होते, स्वतःच्या हाताने, घड्या घालून. गाठ उलटी होती. हॉलिससारखा डावखुरा माणूस मारतो तशी.

तिने वीट होती तशी ठेवली आणि घरात जाऊन स्वतःचीच झडती घेतली. बूट बघितले, कोरडे. नखं बघितली, स्वच्छ. गाऊनच्या काठाला चिखल नाही. म्हातारपणी माणूस झोपेत चालायला लागतो, तिची मावशी चालायची, एकदा तर पार टपालपेटीपर्यंत गेली होती. तसंच असेल. असलंच पाहिजे. झोपायच्या आधी तिने मागच्या तिन्ही पायऱ्यांवर मक्याचं पीठ भुरभुरलं आणि जाळीच्या दाराला कडी घातली.

बुधवारी सकाळी पिठावर एका मुंगळ्याची वाट उठली होती. बाकी काही नाही. परसात विटा तीन होत्या. तिसरी पायऱ्यांपासून पाच पावलांवर.

चिखलात पावलंही नव्हती. पाणी तुंबलेलं असलं की पाऊल उमटतं आणि भरून येतं, ते काही सांगायच्या कामाचं नसतं. व्हर्लीन स्वयंपाकघरात आली. फ्रीज घरघरत होता. खिडकीत उभं राहिलं की रांग सरळ घरावर येताना दिसायची. आधी अकरा झाडं आणि मग तीन विटा, दोरी लावून आखल्यासारख्या. त्या दोरीचं टोक पुढे नेलं तर ते बरोबर तिच्या झोपायच्या खोलीखाली जात होतं.

तेवढ्यात फोन वाजला आणि ती दचकली. चार महिन्यांत पहिल्यांदा दचकली.

"मम्मी, हिवाळ्याचे कपडे पण घे हां. इथे थंडी पडते," जोनेल म्हणाली.

"घेते."

"तू ठीक आहेस ना? आवाज कसातरीच येतोय."

"ठीक आहे गं. परसात थोडं काम निघालंय."

४

बुधवारी दुपारी तिने ठरवलं की हे तोडून टाकायचं.

हॉलिसचा कलमाचा चाकू कपाटाच्या वरच्या खणात होता. इस्पितळाने तो त्याच्या घड्याळाबरोबर कागदी पिशवीत घालून दिला होता. ती चाकू घेऊन परसात गेली. पहिली वीट उचलली, हाताने चिखल बाजूला केला. खाली मुळं होती. चांगली करंगळीएवढी जाड, पांढरीशुभ्र, खोलवर गेलेली. वर्षभराची मुळं होती ती, आणि फांदी दाबून दोनच दिवस झाले होते.

हात थांबला नाही. बधिर माणसाचं हे एक बरं असतं. तिने झाड आणि पहिली वीट यांच्यामध्ये फांदी कापली. मग पहिली आणि दुसरीच्या मध्ये. मग दुसरी आणि तिसरीच्या मध्ये. ओल्या लाकडाचा वास आला असेल, तिला काही आला नाही. तीन तुकडे उन्हात पडले होते, पानं लोळत. संध्याकाळपर्यंत सुकतील, उद्या वेचून कचऱ्यात टाकू, असं म्हणत तिने हात धुतले आणि बऱ्याच दिवसांनी अंडं उकडून खाल्लं. त्याला चव नव्हती, पण खाल्लं.

गुरुवारी सकाळी ती तिन्ही रोपं ताठ उभी होती. कमरेएवढी, नव्या पालवीची. एकाला कळीसुद्धा होती.

व्हर्लीनचा मग हातातच कलंडला. कॉफी पावलांवर सांडली, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. मुळं धरलेली फांदी कापली की मरत नाही. कापणं हेच तर शेवटचं काम असतं. हॉलिस दर फेब्रुवारीत हेच करायचा, याच चाकूने. त्याचं राहिलेलं काम तिने स्वतःच्या हाताने पुरं केलं होतं.

तिसऱ्या रोपाची फांदी घराकडे वाकलेली होती. चौथी वीट सगळ्यात खालच्या पायरीला चिकटून होती.

५

या वेळी ओझेलाला हाक मारावी लागली नाही. ती कुंपणाशी उभीच होती, हातात पाण्याची झारी, झारीतलं पाणी तिच्याच पायावर गळत होतं.

"ही कधी लावलीस?" तिने विचारलं.

"मी नाही लावली."

ओझेलाने रोपांकडे बघितलं, मग विटेकडे, मग व्हर्लीनच्या तोंडाकडे.  

"हॉलिस तुला सोडायला तयार दिसत नाही," ती शेवटी हळूच म्हणाली. "तू जाते म्हणालीस आणि हे सुरू झालं. बरोबर ना?"

"सोमवारपासून."

"मग थँक्यू म्हण. जा, आत्ताच्या आत्ता. समोर उभी राहा आणि मोठ्याने म्हण. मरेल सगळं. आणि शनिवारी लेकीबरोबर गाडीत बस."

"तूच म्हणालीस ना, तिकडे मी धरणार नाही?"

"म्हणाले. पण हे असलं काही असण्यापेक्षा ते बरं. जा, व्हर्लीन. माझ्या अंगावर काटा आलाय बघ, इथे कुंपणाच्या अलीकडे."

व्हर्लीन गेली. भर दुपार होती, पाण्यावर डास घोंघावत होते. रोपांसमोर उभं राहून तिने घसा खाकरला. एक शब्द. चर्चमध्ये, दुकानात, टपालवाल्याला दिवसातून वीसदा म्हणतो तो. या माणसाला तिने तो एकदाही म्हटला नव्हता. हॉलिसने झाडाखेरीज दुसरं काही कधी आणलंच नाही, मग म्हणणार कसा? चव्वेचाळीस रोपं, आणि एकदाही नाही. आता म्हणायचा, तर तो मारण्यासाठी. कुठेतरी खोल, बधिरपणाच्या खाली, तिला हॉलिसची आठवण आली. तिने तोंड उघडलं. सवयीने भलतंच बाहेर आलं.

"कुठे लावायचं हे?"

डास थांबले. निदान तिला तरी घोंघाट ऐकू येईना. मग घराखालून, जमीन आणि फळ्यांमधल्या त्या अंधाऱ्या पोकळीतून, आवाज आला. विटेवर वीट घासल्याचा. एकदाच, सावकाश.

"म्हणालीस का?" ओझेलाने लांबून विचारलं.

"म्हणाले," व्हर्लीन खोटं बोलली आणि घरात गेली.

६

शुक्रवारी दुपारपर्यंत बांधाबांध झाली. दोन बॅगा, औषधांचा डबा, बायबल, जोनेलच्या शाळेतले फोटो. दुपारी दोनच्या सुमारास व्हर्लीन मागच्या खालच्या पायरीवर जरा टेकली. विटा चारच होत्या. सकाळपासून नवी आली नव्हती, आणि तेच तिला जास्त खटकत होतं. हवा कोंडलेली, पान हलत नव्हतं. कधी डोळा लागला ते कळलं नाही.

जाग आली ती श्वासाच्या आवाजाने. वाकून काम करणारा अंगाने जड माणूस नाकाने जसा श्वास सोडतो, तसा. तिने मान न हलवता डोळे उघडले.

वारा नव्हता. तरी समोरच्या रोपांमागच्या मोठ्या झाडाची पानं उलटी झाली होती. सगळी. चांदीची बाजू वर करून स्तब्ध. त्या पांढुरक्या पानांत एक पाठ होती. वाकलेली, निळ्या चौकड्यांची, मधोमध घामाने काळी पडलेली. खाली चिखलात रुतलेली एका बुटाची टाच. तोंड पलीकडे होतं. कोपर हलत होतं, तिथल्या तिथे, बारीक, काहीतरी पुसत असल्यासारखं. चाकू पुसत असेल.

तिने हाक मारली असेल किंवा नसेल. पानं एकेक करून हिरवी झाली, आणि शेवटचं पान फिरलं तेव्हा तिथे झाड होतं आणि झाडामागे कुंपण.

मग तिने खाली बघितलं. तिचा डावा हात पायरीच्या कडेने मनगटापर्यंत चिखलात गेला होता. चिखलावर वीट होती.

दुखत नव्हतं. तिने उजव्या हाताने वीट उचलून बाजूला ठेवली. मनगटावर चौकड्यांची पट्टी, गाठ उलटी. पट्टी वर सरकवली तर खाली दोन बोटं रुंद कातडी सोललेली, मनगटाभोवती गोल. रक्ताचा थेंब नव्हता. आत ओलसर, फिकट हिरवट काहीतरी होतं. तिने हात ओढला, तर येईना. जोर लावला. कांद्याची रोपं उपटताना बोटांना जसं बारीक बारीक तुटल्यासारखं लागतं, तसं लागलं आणि हात सुटून आला. नखांखालून पांढरे धागे लोंबत होते. केसाएवढे, ओले.

किंकाळी फोडायची ती हीच वेळ. व्हर्लीन बसून राहिली. आपल्याला भीतीसुद्धा वाटत नाही, याची तिला मनातून लाज वाटली. हा मला इथेच गाडणार, तिने विचार केला. ओझेला म्हणाली तेच खरं, हा काही मला जाऊ देत नाही. आणि तरीही तो शब्द ओठांवर आला नाही. तिने नळाखाली हात धुतला. धागे तोडावेत असं वाटलं नाही, म्हणून तोडले नाहीत. लांब बाह्यांचा ब्लाउज घातला आणि जोनेलच्या खोलीतली चादर बदलली, वेळ पडली तर पोरगी जरा आडवी होईल म्हणून.

७

शनिवारी सकाळी ती उठली तेव्हा उशी ओली होती.

आधी तिला वाटलं, छत गळतंय. मग कळलं की आपण रडतोय. नुसतं टिपूस नव्हे, चांगलं हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत. ती पलंगावर बसून पोटभर रडली. रडताना खिडकीतून लिंबाचा वास आला. रांगेत फुलं कधीपासून होती, मे महिन्यापासून असणार, पण आज तिला वास आला. कॉफी कडू लागली. कढई तापवून तिने अंडी तळली, कालचा मक्याचा पाव त्या तेलात परतला, आणि उभ्या उभ्याच सगळं संपवलं. आणखी हवं होतं.

डावी बाही वर करून तिने बघितलं. पट्टीखाली सुळसुळत होतं, उबदार, जिवंत. तिथून काहीतरी दंडापर्यंत वर येत होतं.

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. ती इतक्या मोठ्याने हसली की स्वतःच दचकली. हॉलिसने जन्मात कधी एखादं कलम जागच्या जागी ठेवायला केलं होतं का? फांदी दाबतात ती न्यायला. नुसती उपटून नेली तर वाळते, रूबीसारखी, क्लीटससारखी. मुळं फुटू दिली की मग कुठेही न्या, अटलांटाला न्या, धरते. तो तिला अडवत नव्हताच. तो तिची वाटेची तयारी करत होता, आठवडाभर, घाईघाईने, एका वर्षाचं काम पाच दिवसांत.

"गाढवा," ती खिडकीतून रांगेला म्हणाली, "तोंडाने सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं तुझं?" आणि परत रडली.

जोनेल दहाला आली. ओझेला तळलेली कोंबडी आणि केक घेऊन आली. तिघी स्वयंपाकघरात बसल्या. व्हर्लीनने कोंबडीचे तीन तुकडे खाल्ले आणि चौथ्याकडे हात नेला.

"मम्मी! तू जेवतेयस!" जोनेलचे डोळेच भरले. "मी तर ठरवून आले होते, हिला नळी लावून खायला घालावं लागणार."

"तुझ्या त्या शहरात कोंबडी मिळते ना? का नुसता पालाच खाता?"

"मिळते गं, मिळते."

जोनेल बॅगा उचलायला गेली तेव्हा ओझेलाने व्हर्लीनची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. "रंग आलाय तुला. म्हणजे मेलं ना ते सगळं?"

"नाही मेलं. मी म्हणालेच नव्हते." व्हर्लीनने तिचा हात घट्ट धरला. "मी धरणार आहे, ओझेला. बघच तू. नाताळला येते आणि तुझं डोकं खाते."

ओझेलाला सगळं कळलं नाही. पण आपल्या मैत्रिणीच्या हाताची ऊब तिला कळली, आणि ती झाडं आता मरायला नकोत, एवढंही कळलं.

सामान चढलं. व्हर्लीन गाडीत बसली, पट्टा लावला. गाडी घराच्या कडेला उभी होती, तिथून परसाचा अर्धा भाग दिसायचा. जोनेल दार उघडता उघडता थांबली.

"एक मिनिट हां मम्मी. डॅडींच्या झाडांपाशी जाऊन त्यांना भेटून येते. दफनाच्या दिवशी मला नीट बोलताच आलं नाही."

ती रांगेशी गेली. चांगले बूट चिखलात गेले तरी तिने बघितलं नाही. नव्या तीन रोपांसमोर उभी राहिली, एकाच्या पानावरून बोट फिरवलं. जोनेल इथलीच, याच परसात वाढलेली. कुणी रोप दिलं तर काय म्हणायचं नाही, हे तिला बोलायला लागल्यापासून ठाऊक होतं. पण ती आत्ता रोपाशी बोलत नव्हती. ती बापाशी बोलत होती, आणि तिला तिच्या आईने चांगलं वळण लावलं होतं.

व्हर्लीनने तिचा चेहरा बघितला आणि तिला आधीच कळलं. तिने काच खाली करायला बटण दाबलं. गाडी बंद होती. पट्टा ओढला, तो अडकला. "जोनेल!" ती ओरडली. काचेतून आवाज गेला नाही. कुंपणापाशी ओझेला हात वर करून धावायला लागली. ते गुडघे कसले धावताहेत.

"डॅडी," जोनेल म्हणाली, "थँक्यू. सगळ्यासाठी."

पानं उलटली. अकराच्या अकरा झाडांची आणि तिन्ही रोपांची, एकदम, वारा नसताना. या खेपेला ती परत हिरवी झाली नाहीत.

जोनेल डोळे पुसत आली, गाडीत बसली, नाक शिंकरलं. मागे ओझेला कुंपणाला धरून उभी होती, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

"मिस ओझेला माझ्याकडे अशा का बघतायत? मी काही चुकीचं केलं का?"

व्हर्लीनने लेकीकडे बघितलं. रडून लाल झालेलं नाक, हुबेहूब बापाचं. ते सांगून आता काय होणार होतं? काही परत येणार नव्हतं. आणि पोरीने पुढची तीस वर्षं ते उरावर घेऊन जगायचं.

"नाही गं बाळा. डॅडींना म्हणालीस ना. चांगलं केलंस."

बाहीच्या आत पट्टी सैल झाली होती. बोटांच्या टोकांपासून सुरू झालं, मग तळहात, मग मनगट. हात आपला असून आपला राहिला नाही. जोनेलने गाडी रस्त्यावर घेतली. उजव्या हाताला ओढा लागला, काठावर सगळीकडे फुललेले मॅग्नोलिया होते. काच आता अर्धी खाली होती. व्हर्लीनने नाकाने मोठा श्वास घेतला. कसलाच वास नव्हता.

"मम्मी, वाटेत मोबिल शहरात थांबू या का? तुला आवडतात तशी कोळंबी मिळते तिथे. पोहोचेपर्यंत परत भूक लागेल तुला."

"तुला लागली तर थांब," व्हर्लीन म्हणाली. "मला नको."